सिग्नल कुठे नकोय, ते आधी ठरवा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दोन अंकांपूर्वी दिशात्मक, म्हणजे सिग्नल एका दिशेला एकवटणाऱ्या, अँटेनांवर लिहिलं, तेव्हापासून पत्रं येतच आहेत. अनेकांनी लेख वाचून हाताने अँटेना केली, मापं लिहून पाठवली, काहींनी आकडेही टिपून पाठवले. सत्तावीस वर्षं अँटेना मोजण्याचंच काम केल्यामुळे असं पत्र आलं की मी ते वही-पेन घेऊनच वाचते. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं सुतारकामाचं वर्कशॉप घरापासून ६० मीटरवर आहे, मध्ये मोकळी जागा. राउटरच्या मूळ दांड्यांवर वर्कशॉपच्या खिडकीत फोन उणे ७० डीबीएम (सिग्नलची ताकद; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर) दाखवायचा. तुमचा लेख वाचून तांब्याच्या तारेची बायक्वाड (दोन चौकोनांची अँटेना) केली. प्रत्येक बाजू ३१ मिमी, मागे १२ सेंमीचा चौकोनी पत्रा, तार पत्र्यापासून १५ मिमी वर. राउटर आतच ठेवला, अँटेना खिडकीबाहेर वर्कशॉपच्या दिशेने लावली, मध्ये ८ मीटर आरजी-५८ केबल. आता फोन उणे ८२ दाखवतो! केबलचा नट राउटरवर पूर्ण बसत नाही, शेवटचे दोन आटे उरतात, पण हलत नाही. माझं माप कुठे चुकलं?

उत्तर : दादा, तुमची मापं चोख आहेत. वाय-फायच्या २.४४ गीगाहर्ट्झला तरंगलांबी १२३ मिमी, तिचा पाव हिस्सा ३१ मिमी. म्हणजे दोन चौकोनांच्या आठ बाजूंना मिळून २४८ मिमी तार. सुतारकामाचा हात आहे, ते दिसतंच. दोष अँटेनेच्या मागे आहे, आणि तो एक नाही, दोन आहेत.

आधी हिशेब मांडू. अँटेना एका दिशेला सिग्नल किती पट एकवटते तो तिचा गेन, तो डीबीआयमध्ये मोजतात; डेसिबल हे पटीचंच माप. राउटरच्या मूळ दांडीचा गेन साधारण २ डीबीआय, नीट बनलेल्या बायक्वाडचा १०. म्हणजे कमाई ८ डेसिबल. आता केबल. आरजी-५८ ही केबल २.४ गीगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे १ डेसिबल खाते. आठ मीटरला आठ डेसिबल. अँटेनेने जेवढं मिळवलं, तेवढं केबलने गिळलं. ८ डेसिबल म्हणजे सव्वासहा पट. राउटरमधून निघालेल्या शक्तीचा सहावा हिस्सासुद्धा अँटेनेपर्यंत पोचत नाही, बाकीची केबल कोमट करण्यात जाते. ही केबल वाईट नाही, कमी वारंवारितेच्या रेडिओंसाठी ती उत्तम चालते. पण वारंवारिता वाढली की केबलमधली घटही वाढते, आणि वाय-फायच्या वारंवारितेवर आठ मीटर ही फार मोठी लांबी आहे.

एवढ्या हिशेबाने तुमचा आकडा पुन्हा उणे ७० वर यायला हवा होता. उलट मधली भिंत टळली, म्हणून थोडा सुधारायला हवा होता. तुमचा आकडा तर उणे ८२. हे उरलेले १२ डेसिबल, म्हणजे सोळा भागांतले पंधरा भाग, कुठे गेले? याचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. शेवटचे दोन आटे उरतात.

राउटर आणि केबल दोन्ही हातात घ्या आणि उजेडात बघा. वाय-फाय राउटरच्या जॅकला बाहेरून आटे असतात आणि बहुतेक वेळा मधोमध एक बारीक पिन असते. ही आरपी-एसएमए जोडणी, म्हणजे एसएमए या आट्यांच्या छोट्या जोडणीचा उलटा प्रकार. तिच्यावर बसणाऱ्या नटात मधोमध भोक हवं. तुमच्या केबलच्या नटातही पिनच असणार, कारण ती साध्या एसएमएची केबल आहे. दोन्हींचे आटे एकच, म्हणून नट फिरतो, आवळल्यासारखा वाटतो, पण आत पिनेला पिन भिडते आणि नट तिथेच अडतो. पिना नुसत्या टेकल्या किंवा एकमेकींच्या बाजूला घसरल्या की जे काय पलीकडे जातं ते झिरपल्यासारखं. तुम्ही जोर लावला नाहीत, फार चांगलं केलंत. पान्याने आवळलं असतं तर राउटरची पिन वाकली असती, आणि ती सरळ करता येत नाही. याच्या उलट प्रकारही होतो. सिमकार्डवर चालणाऱ्या कित्येक राउटरना साधी एसएमए असते, तिच्यावर वाय-फायची दांडी लावली तर भोकासमोर भोक येतं. नट पूर्ण बसतो आणि मध्ये काहीच जोडलेलं नसतं. तो दोष सापडायला जास्त वेळ लागतो, कारण बाहेरून सगळं ठीक दिसतं.

आता उपाय. लांब केबल काढून टाका. राउटरच त्या खिडकीशी न्या आणि अँटेना अर्ध्या मीटरच्या आरपी-एसएमए केबलने जोडा. राउटर हलवता येत नसेल तर खिडकीशी एक छोटा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय सोडणारी पेटी) ठेवा आणि राउटरपासून तिथपर्यंत साधी नेटवर्क केबल ओढा. नेटवर्क केबलमधून डेटा १०० मीटरपर्यंत बिनतक्रार जातो. रेडिओ लहरीला मात्र केबलमधला प्रत्येक मीटर महाग पडतो. मी नवशिक्यांना हे पहिल्या दिवशी सांगायची: रेडिओ अँटेनेजवळ न्या, अँटेनेला केबलने रेडिओपासून लांब नेऊ नका.

आणखी दोन गोष्टी तपासा. बायक्वाडच्या मधोमध तारेचे दोन कोपरे समोरासमोर येतात. एका बाजूला केबलचा मधला तांब्याचा गाभा, दुसऱ्या बाजूला जाळी, आणि जाळी मागच्या पत्र्यालाही जोडलेली. सोल्डरचा एखादा थेंब ओघळून दोन्ही बाजू एक झाल्या असतील तर अँटेना मेलीच समजा. भिंग घेऊन बघा. दुसरं म्हणजे तिची ठेवण. दोन चौकोन शेजारी-शेजारी, आडवे दिसतील अशी लावली की तिचं ध्रुवीकरण, म्हणजे लहर हलण्याची दिशा, उभं असतं. बघणाऱ्याला हे उलटं वाटतं, म्हणून बरेच जण तिला उभी करतात आणि समोरच्या उभ्या दांडीशी तिचं जुळत नाही. तेवढ्याने मोकळ्या जागेत १५-२० डेसिबल जाऊ शकतात.

हे सगळं केल्यावर उणे ६२ च्या आसपास आकडा यावा असा माझा हिशेब आहे. फोन हातात धरून न मोजता खिडकीत एका ठिकाणी ठेवून मोजा, दहा वेळा मोजा, आणि मला कळवा.

प्रश्न : राउटरच्या छोट्या दांड्या काढून ‘९ डीबीआय’ लिहिलेल्या लांब दांड्या लावल्या. त्याच मजल्यावर फरक पडला, पण राउटरच्या बरोबर वरच्या खोलीतलं नेट गेलं. जास्त ताकदीची अँटेना लावून सिग्नल कमी कसा होतो?

उत्तर : अँटेनेत ताकद नसते. राउटर जेवढी शक्ती देतो तेवढीच ती बाहेर टाकते. फक्त कुठल्या दिशेला किती, एवढं ठरवते. सायकलच्या चाकाची फुगवलेली ट्यूब दांडीभोवती घातली आहे असं डोळ्यांसमोर आणा. साध्या दांडीचा सिग्नल असा पसरतो: चारही बाजूंना फुगीर, दांडीच्या टोकाच्या वर आणि खाली पोकळी. गेन वाढवायचा म्हणजे ही ट्यूब वरून दाबून चपटी करायची. ती आडवी लांब पसरते, पण तिची जाडी कमी होते. साध्या दांडीचा उभा पसारा ७८ अंशांचा असतो, ९ डीबीआयच्या दांडीचा पंधरा अंशांच्या आसपास येतो. वरच्या खोलीचा वाटा खालच्या मजल्याला गेला, एवढंच झालं.

एक दांडी आडवी करा, तिची ट्यूब उभी होईल आणि वरची खोली पुन्हा भिजेल. आणि पट्टी घेऊन दांडी मोजा. २.४ गीगाहर्ट्झला खरा ९ डीबीआय मिळवायला अर्ध्या मीटरच्या जवळपास लांबी लागते. वीतभर दांडीवर ९ छापलेलं असेल तर तो आकडा खरा नाही. तुमच्या वरच्या खोलीतलं नेट गेलं यावरून तुमच्या दांड्यांत थोडंफार तथ्य आहे असं दिसतं!

प्रश्न : मी अकरावीत शिकते. पत्र्याच्या डब्याची अँटेना करायची आहे. माझ्याकडे तीन डबे आहेत, व्यास ६५, ८५ आणि १०० मिमी. मोठा डबा घेतला तर जास्त सिग्नल गोळा होईल ना?

उत्तर : तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण तीन डब्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात आणि तिन्ही शिकण्यासारख्या आहेत.

गोल नळीतून लाट जायची तर नळी पुरेशी रुंद हवी. अरुंद नळीत लाट शिरते पण पुढे सरकत नाही, तोंडाशीच विरून जाते. ही मर्यादा सूत्राने काढता येते: १.८४१ गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले पाय (π) आणि व्यास यांचा गुणाकार. ही आली त्या नळीची किमान वारंवारिता. २.४ गीगाहर्ट्झसाठी उलटा हिशेब केलास तर व्यास ७३ मिमी येतो. तुझा ६५ मिमीचा डबा त्याच्या खाली. तो बाद.

१०० मिमीच्या डब्यात उलट अडचण. त्यात लाट दोन प्रकारे नांदू शकते. सूत्रात १.८४१ च्या जागी २.४०५ घाल, दुसऱ्या प्रकाराची किमान वारंवारिता मिळेल: २.३ गीगाहर्ट्झ. म्हणजे वाय-फायच्या पट्ट्यात दोन्ही प्रकार एकाच वेळी डब्यात. दुसऱ्या प्रकाराचा रोख सरळ समोर नसतो, मधोमध त्याचा खड्डा असतो. दोन्ही मिसळले की झोत वाकडा होतो. ७३ ते ९२ मिमी ही खिडकी. तुझा ८५ चा डबा तिच्यात बरोबर बसतो.

आता कनेक्टर कुठे लावायचा? डब्याच्या आत लाटेची लांबी मोकळ्या हवेतल्यापेक्षा जास्त असते. ८५ मिमी डब्यात ती २३२ मिमी येते. तिचा पाव हिस्सा, ५८ मिमी, बंद तळापासून मोज आणि तिथे भोक पाड. तळावर आपटून परतलेली लाट या ठिकाणी थेट लाटेच्या तालात येऊन मिळते, म्हणून ही जागा. आत उभी राहणारी तांब्याची तार ३१ मिमीची, आणि हे माप हवेतल्या लांबीवरून, डब्यातल्या नव्हे. नेमकं इथेच बहुतेकांचा घोळ होतो. डब्याची एकूण लांबी १७ ते १८ सेंमी असेल तर छान.

भोक पाडताना आत लाकडाचा ठोकळा धर, नाहीतर पत्रा आत दबेल. कड कानशीने साफ कर आणि कनेक्टरखालचा रंग पूर्ण खरवडून काढ. पत्र्याला धातूने धातू भिडला नाही तर बाकी सगळी मापं वाया जातात. तार सुरुवातीला ३२ मिमी ठेव आणि अर्धा-अर्धा मिमी कापत आकडा बघ. कापलेली परत जोडता येत नाही, म्हणून धीराने.

गेन ६ ते ८ डीबीआय मिळेल. याहून मोठे आकडे कुठे वाचलेस तर डब्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ आठव. एवढ्याशा तोंडातून त्याहून अरुंद झोत निघत नाही. याच डब्यापुढे पत्र्याचं नरसाळं जोडलंस तर तोंड रुंद होईल आणि गेन वाढेल. जगदीशचंद्र बोसांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले, तेव्हा अशीच नरसाळ्यासारखी तोंडं वापरली होती.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या दोन इमारतींमध्ये ३ किमी अंतर आहे. दोन्ही गच्च्यांवर ३० सेंमीच्या डिश, ५.५ गीगाहर्ट्झ, रेडिओची शक्ती २० डीबीएम. समोरची इमारत डोळ्यांना स्वच्छ दिसते. सिग्नल उणे ७४ च्या वर जात नाही, आणि मधल्या झाडांना पालवी आली की आणखी घसरतो. मोठ्या डिश घ्याव्यात का?

उत्तर : थांबा, अजून काहीही घेऊ नका. ३० सेंमी डिशचा गेन या वारंवारितेला २२ डीबीआय. ३ किमी मोकळ्या हवेतली घट ११७ डेसिबल. वीस अधिक बावीस अधिक बावीस, वजा एकशे सतरा: उणे ५३. तुम्हाला मिळतात उणे ७४. एकवीस डेसिबल हरवलेत, आणि हा आकडा बघताच मला संशय येतो की तुमच्या दोनपैकी एक डिश बाजूच्या पाकळीवर बसली आहे.

डिशचा एक मुख्य झोत असतो, तुमचा साधारण १३ अंशांचा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खड्डा, आणि खड्ड्यापलीकडे पुन्हा छोटे उंचवटे, मुख्य झोताहून वीसेक डेसिबल खाली. डिश लावणारा माणूस ती फिरवत जातो, आकडा वाढतो, मग पडायला लागतो, तो मागे येतो आणि बोल्ट आवळतो. त्याला शिखर सापडलेलं असतं, पण ते टेकडीचं, डोंगराचं नव्हे. एका टोकाला डिश हळूहळू पूर्ण ६० अंश फिरवा आणि प्रत्येक दोन अंशांना आकडा लिहा. तीन शिखरं दिसतील, मधलं सगळ्यांत उंच. तिथे थांबा. मग वर-खाली तसंच. मग दुसरं टोक. दोन्ही टोकं एकाच वेळी हलवू नका.

झाडांचं कारण वेगळं. डोळ्याला दिसायला एक बारीक रेघ पुरते, लहरीला तिच्याभोवती जागा लागते. या जागेला फ्रेनेल झोन म्हणतात. तुमच्या दुव्यात मधोमध तिची त्रिज्या ६.४ मीटर आहे, त्यातले निदान ६० टक्के, म्हणजे ३.८ मीटर मोकळे हवेत. झाडाचा शेंडा नजरेच्या रेषेखाली दोन मीटर असला तरी तो वाटेतच आहे. पालवीत पाणी असतं, म्हणून सुक्या फांदीपेक्षा ती जास्त शोषते. झाडं तोडू नका. दोन्हीकडे खांब दोन-तीन मीटरने उंच करा.

आणि एक महत्त्वाचं. जवळपास प्रत्येक देशात परवानगीची मर्यादा रेडिओच्या शक्तीवर तसेच अँटेनेसकट बाहेर पडणाऱ्या एकूण झोतावर असते. तुमचा तो ४२ डीबीएम होतो. तुमच्या पट्ट्याचा नियम बघा. जास्त भरत असेल तर रेडिओची शक्ती कमी करा, अँटेना लहान करू नका. पाठवताना मर्यादा सारखीच राहते, पण ऐकताना मोठ्या डिशचा फायदा पूर्ण मिळतो आणि आजूबाजूचा गोंगाटही कमी ऐकू येतो. शेजाऱ्यांच्या दुव्यांनाही तुमचा त्रास कमी होतो. दिशात्मक अँटेनेवर माझा जीव आहे तो या कारणासाठी.

प्रश्न : यागी अँटेनेत, म्हणजे टीव्हीच्या ओळीने दांड्या असलेल्या अँटेनेत, केबल एकाच दांडीला जोडलेली असते. बाकीच्या दांड्या कशालाच जोडलेल्या नसतात, तरी त्या काम कशा करतात? आणि २.४ गीगाहर्ट्झची यागी घरी करावी का?

उत्तर : जोडलेल्या नसल्या तरी त्या लाटेच्या वाटेत असतात. लाट दांडीवरून गेली की दांडीत प्रवाह हलतो, आणि हलणारा प्रवाह स्वतःची लाट सोडतो. दांडी जरा लांब असली तर तिचा प्रवाह एका तालात हलतो, जरा आखूड असली तर दुसऱ्या. मागे किंचित लांब आणि पुढे किंचित आखूड दांड्या योग्य अंतरावर ठेवल्या की पुढच्या दिशेला सगळ्यांच्या लाटा एकमेकींना बळ देतात आणि मागच्या दिशेला खोडतात. १९२६ मध्ये जपानच्या सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी हे मांडलं. प्रयोगांचं बरंचसं काम उदांचं. यागींचा इंग्रजी लेख १९२८ मध्ये आला आणि जगात एकच नाव रूढ झालं. मी नेहमी यागी-उदा म्हणते, तुम्हीही म्हणा.

घरी करायची तर २.४ गीगाहर्ट्झला सुचवणार नाही. मागची दांडी ६१ मिमी, मधली ५८, पुढच्या ५४ च्या आसपास. सगळा खेळ दोन-चार मिलिमीटरचा, आणि एक मिलिमीटर चुकला तर अँटेना दुसऱ्याच वारंवारितेला जाते. ५०० मेगाहर्ट्झच्या टीव्ही अँटेनेत तरंगलांबी ६० सेंमी असते, तिथे तेवढी चूक सहज खपते. त्यामुळे पहिली यागी-उदा टीव्हीच्या पट्ट्यासाठी करा, वाय-फायसाठी बायक्वाड.

केलीत तर मोजताना एक सांभाळा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी गच्चीवर अशीच एक अँटेना फिरत्या टेबलावर मोजत होते. मागच्या बाजूला, १३० अंशांवर, एक उंचवटा येत होता. दोन दिवस मी दांड्या अर्धा-अर्धा मिमी कापत होते, अंतरं बदलत होते, उंचवटा जागचा हलेना. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आपोआप नाहीसा झाला. रंगकाम करणाऱ्यांनी कठड्याला टेकवलेली ॲल्युमिनियमची शिडी आदल्या संध्याकाळी नेली होती. तोवर माझ्या कापाकापीत दोन चांगल्या दांड्या वाया गेल्या होत्या. तेव्हापासून मोजायला बसण्याआधी मी पूर्ण गच्चीला एक चक्कर मारते आणि शिडी, बादली, पाइप, खुर्ची, जे काही धातूचं दिसेल ते उचलून खाली ठेवते.